पेटी म्हणाली, वर

परत आल्यापासून मैत्रिणी एकच विचारतात, "कुंदाताई, विमान कसं असतं वं?" आम्ही सगळ्या एसटीच्या लाल गाडीवरच्या निवृत्त कंडक्टर. वर्ध्याला महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि तोंड दुखेपर्यंत बोलतो. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: खायला काय देतात, संडासात पाणी असतं का, आणि भीती वाटते का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी चटकन दिली. तिसरा प्रश्न आला की मी उठून चहा टाकायला जाते. असं तीनदा झालं, तेव्हा एक जण म्हणाली, "बाई, बोलता येत नसेल तर लिहून दे." म्हणून हे लिहिते आहे.

नागपूर, सकाळ

माझी मुलगी रेवती विमान चालवते. कॅप्टनच्या उजव्या हाताला बसते, फर्स्ट ऑफिसर म्हणतात तिला. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय की आमच्या गल्लीतली लहान पोरंही मला पाहून "विमानवाली आजी" म्हणतात. पण स्वतः मी विमानात पाय ठेवला नव्हता. रेवतीचा हट्ट होता की पहिल्यांदा बसायचं ते तिच्याच विमानात. यंदा जानेवारीत तिला नागपूर ते नवी मुंबई अशी फेरी मिळाली. नवी मुंबईतल्या तळवलीला ती भाड्याने राहते. चार दिवस राहून मी परत येणार होते. सोबत तिळाचे लाडू घेतले आणि सांबारवडीचा डबा. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, नाहीतर मुंबईकडचे लोक इडली शोधतील.

दार बंद होण्याआधी रेवतीनं मला पुढे बोलावून तिची बसायची जागा दाखवली. एवढी बटणं एका ठिकाणी मी जन्मात पाहिली नव्हती. कॅप्टन साहेब पिकल्या केसांचे, डोंबिवलीचे, बोलायला मोकळे. म्हणाले, "काकू, आज उडवणार आणि उतरवणार तुमची मुलगी. मी नुसता बघणार."

मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला, "साहेब, इथे बेल कोण देतं?"

ते हसले. "इथे बेल खालून येते. जमिनीवर कंट्रोलर बसलेला असतो. तो म्हणाला जा, की जायचं. म्हणाला थांब, की थांबायचं."

मला फार बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं मी दोरी ओढून बेल दिली. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, का म्हणून विचारत नाही. म्हटलं, चला, पोरगी आपल्याच शिस्तीत आहे.

माझी जागा खिडकीची. शेजारी हसनभाई म्हणून एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मूळचे उरणकडचे, द्रोणागिरीला त्यांचं गोदाम आहे. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तराचा वास, आणि स्वभाव माझ्यासारखाच बोलका. विमान धावायला लागायच्या आत माझी मुलगी चालवते हे त्यांना कळलं होतं. पुढच्या आणि मागच्या रांगेलाही कळलं होतं, कारण माझा आवाज कंडक्टरचा आहे.

"माशाल्ला," हसनभाई म्हणाले. "आमी आता निवांत झोपतो."

वर

तासाभराने विमान उतरायला लागलं. पट्टे बांधायची सूचना झाली. पूर्वा नावाची एक हसरी पोरगी शेवटचे कप गोळा करत होती. मी मांडीवर डबा उघडून हसनभाईंना सांबारवडी देत होते.

आधी विमानाचं नाक एकदम खाली गेलं. मला वाटलं, असंच असेल, घाटात उतार लागला की आमचीही गाडी अशीच जाते. मी काही म्हणणार तेवढ्यात सगळं उलटलं. मी सीटमध्ये दाबली गेले, हात उचलता येईना, गाल खाली ओढले गेले. डबा मांडीवरून घसरला आणि वड्या हसनभाईंच्या कुर्त्यावर. मागे कुणीतरी किंचाळलं. पूर्वा उभी होती तिथेच खाली कोसळली आणि तिच्या हाताखाली काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते. आमच्या गाडीत एकदा एका बाईचा हात असाच मोडला होता.

मी खिडकीबाहेर पाहिलं. पाहायला नको होतं. आमच्या खालून एक विमान गेलं. आडवं, अगदी जवळून. त्याच्या शेपटीचा रंग मला दिसला, खिडक्यांची रांग दिसली. त्या खिडक्यांच्या आत माणसं बसलेली असणार, हे मला त्या क्षणी कळलं आणि मला ओरडताही आलं नाही.

मग विमान सरळ झालं. कॅप्टन साहेबांचा आवाज आला, आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत: समोर दुसरं विमान होतं, म्हणून वर जावं लागलं, आता सगळं ठीक आहे. आवाज शांत होता, पण दोन वाक्यांच्या मधे जरा जास्तच थांबले.

हसनभाईंच्या कुर्त्यावर तेलाचे डाग पडले होते. त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना संपवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढची रांग वळून बघत होती, मागचीही.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमचीच पोरगी चालवते ना?"

"हो," मी म्हटलं. "अजून चालवूनच राहिली."

उतरताना टायर टेकल्याचंसुद्धा कळलं नाही, इतकं अलगद उतरवलं तिनं.

जमिनीवर

नवा विमानतळ मोठा चकचकीत आहे, एवढंच मला आठवतं. मैत्रिणींनो, तिथल्या संडासात पाणी आहे.

पूर्वाला चाकाच्या खुर्चीतून नेलं. ती डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसली होती आणि तशाही अवस्थेत प्रवाशांना "थँक यू" म्हणत होती. रेवती बाहेर यायला दोन तास लागले. मी तोवर स्वतःला समजावून ठेवलं होतं की रस्त्यात आडवं कुणी आलं की ब्रेक मारावाच लागतो, पोरीनं वाचवलं सगळ्यांना. ती दिसल्यावर मी थट्टेनं म्हटलं, "काय व, केवढा जोरात ब्रेक मारला! पाहुण्याच्या कुर्त्याला सांबारवडी खाऊ घातली तू."

ती हसली नाही. तिनं माझा हात धरला आणि टॅक्सीकडे नेलं. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "आई, आता दोन दिवस काही विचारू नको."

मी विचारणारी बाई आहे. तरी विचारलं नाही.

तळवली

तळवली हे मूळ गाव, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून. आता भोवती उंच इमारती आहेत आणि मधे गावकऱ्यांची आपापली तीन-चार मजली घरं, एकमेकांना खेटून. रेवतीची घरमालकीण हिरामावशी. त्यांच्या सासऱ्यांची इथे भाताची शेती होती, आता वरचे मजले भाड्याने दिलेत. रेवती शिकाऊ असताना इथे राहायला आली आणि पगार वाढला तरी हलली नाही. का हलली नाही ते मला पहिल्याच जेवणाला कळलं.

हिरामावशींनी तांदळाची भाकरी केली होती, पांढरी आणि मऊ, घडी घातली तरी मोडत नव्हती. आमची ज्वारीची भाकरी तिच्याशेजारी ठेवली तर ती रागावलेली दिसेल. सोबत तळलेले बोंबील आणि चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, कालवण. आमच्याकडे मासे म्हणजे कधीमधी, सणासारखे. इथे रोजच.

"जेव गो," त्या रेवतीला म्हणाल्या. "असा काय करतंस? पोट काय ड्युटीवं नाय गेलं." मग मला, "आई, तुमी सांगा तिला. आल्यापासून पानी पन नाय प्यालेली."

रेवतीनं भाकरीचे तुकडे केले आणि ताटातच ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःहून सांगितलं. स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून दोन वाट्या घेतल्या.

"ही मी. ही दुसरी. प्रत्येक विमानात एक यंत्र असतं, पेटी समज. दोन विमानं फार जवळ आली तर दोघांच्या पेट्या आपसांत बोलतात. एक म्हणते, मी वर. दुसरी म्हणते, मग मी खाली. आणि मग आपापल्या पायलटला ओरडून सांगतात. एकदा पेटी बोलली की फक्त तिचंच ऐकायचं. कंट्रोलर काहीही म्हणो. कारण कंट्रोलरला पेट्यांचं बोलणं ऐकू जात नाही."

"मग?"

"आपण त्याला रेडिओवर सांगायचं की पेटी बोलली. मग तो गप्प बसतो. नियमच आहे. पेटी बोलली की खालच्यानं गप्प बसायचं."

"बरं. तुला पेटी काय म्हणाली?"

"वर. दोनदा. त्याच वेळी कंट्रोलर बाई रेडिओवर म्हणाल्या, खाली, लगेच खाली. त्यांना माहीतच नव्हतं पेटीचं, आम्ही अजून सांगितलं नव्हतं. आणि मी," तिनं एक वाटी हळूहळू खाली सरकवली, "मी खाली गेले. तीन सेकंद. कॅप्टन सर ओरडले तेव्हा वर ओढलं. घाबरून गरजेपेक्षा जास्त ओढलं. त्यानेच पूर्वा पडली."

"पण आपण गेलो ना वर."

"दुसऱ्या विमानाला त्याच्या पेटीनं खाली सांगितलं होतं, आई. त्यांनी लगेच ऐकलं. ते माझ्या भरवशावर खाली गेले." तिनं दुसरी वाटीही खाली सरकवली. दोन्ही वाट्या एकमेकींवर आपटल्या.

बारीकसा आवाज होता तो, रोज घासताना होतो तसा. विमानातला तो क्षण मी सुटकेचा समजत होते. खिडकीतली ती माणसं आणि आम्ही, दोघंही एकाच बाजूला जात होतो, आणि त्यात हात माझ्या मुलीचा होता. मी वाट्या उचलून फडताळात मागे ठेवून दिल्या. आजही त्या घरात कुणी वाटी पुढे केली तर मला नको वाटेल.

रेवती आणि कॅप्टन साहेब, दोघांनाही कामावरून तूर्त उतरवलं होतं. विमानं एवढी जवळ कशी आली ते चौकशीवाले बघतील. रेवतीला मात्र त्याआधी खोट्या विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, पुन्हा परीक्षा होती. पास झाली तर परत आकाशात जाण्याचा रस्ता उघडा. परीक्षा मी आल्यापासून दहाव्या दिवशी होती.

"मी जाणार नाही परीक्षेला," ती म्हणाली. "राजीनामा लिहून ठेवलाय. मला नियम पाठ होता. सरावात मी एकदाही चुकले नव्हते. खरं घडलं तेव्हा चुकले. मग पुढच्या वेळी का नाही चुकणार?"

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

घणसोली गाव

पूर्वा घणसोलीच्या जुन्या गावात खोली घेऊन राहते, आणखी दोन मुलींबरोबर. रेवतीला जायचं नव्हतं. मीच तिला ओढून नेलं. लाडूंचा डबा हातात होता, म्हणून निदान रिकाम्या हाताने जावं लागलं नाही.

त्या गल्ल्यांत दोन छत्र्या एका वेळी उघडणार नाहीत. खाली किराणा, मोबाइलची दुकानं, केशकर्तनालय, आणि वर खोल्यांवर खोल्या. मान वर केली की मागचे टॉवर दिसतात, चाळीसेक मजल्यांचे. पूर्वा दुसऱ्या मजल्यावर गादीवर बसली होती. कोपरापर्यंत प्लास्टर, आणि त्यावर मैत्रिणींनी स्केचपेननं विमानं काढलेली. मुलगी जळगावची, घरी अजून सांगितलं नव्हतं तिनं. आईला व्हिडिओ कॉल करताना हात खाली धरते म्हणाली.

रेवती दारातच उभी राहिली. "सॉरी, पूर्वा."

"मॅम, प्लीज हां," पूर्वा म्हणाली. "तुम्ही ओढलंत म्हणून मनगट मोडलं. नसतं ओढलं तर काय काय मोडलं असतं, त्याचं मी टेन्शन घेऊ का?" मग हसून तिनं डाव्या हाताने लाडू उचलला. "मी जूनमध्ये परत येतेय. तुम्ही कधी?"

रेवतीनं प्लास्टरवरच्या विमानांकडे नजर वळवली. पूर्वाचं हसू हळूहळू मावळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी लाडवात तीळ जास्त पडलेत का, असं काहीतरी विचारलं.

परत येताना रिक्षात रेवती म्हणाली, "तिला वाटतं मी येईन."

पुन्हा तळवली: लाटणं

आम्ही नव्यानं कामाला लागलो तेव्हा आगारात उभ्या गाडीत बेलचा सराव करायचो. गाडी हलत नसे, ड्रायव्हर नुसता स्टिअरिंग धरून बसे, आणि आम्ही दोरी ओढायचो. हसायचे लोक. पण हात तयार होतात. सहाव्या दिवशी दुपारी मी म्हटलं, आपण इथंच करू.

"काय करू?"

"बस खुर्चीवर. हे घे." मी तिच्या हातात लाटणं दिलं. तिच्या विमानात सुकाणू नसतं, बाजूला एक दांडा असतो, एवढं मला ठाऊक होतं. "मी कंट्रोलर. हिरामावशी पेटी."

"मना काय बोलाचा हाय?" हिरामावशींनी पदर खोचला. त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

"तुम्ही म्हणायचं, वर जा. दोनदा. बाकी काही नाही."

रेवती वैतागली, पण बसली. मी तिला साधी साधी बेल देत गेले, डावीकडे वळ, हळू हो, आता खाली ये. ती लाटणं हलवत होती. मग मी मावशींना खूण केली.

"वर जा गो! वर जा!" मावशी ओरडल्या.

त्याच दमात मी माझ्या धंद्याच्या आवाजात ओरडले, "खाली! लगेच खाली!"

लाटणं खाली गेलं.

"पुन्हा," मी म्हटलं. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तर मावशी आधी ओरडल्या, लाटणं वर निघालंही होतं, आणि माझा आवाज ऐकताच ते हवेत थांबून खाली आलं. मावशी म्हणाल्या, "अगो, माझा कोन आयकतच नाय!"

रेवतीनं लाटणं जमिनीवर ठेवलं. ती रडत नव्हती. तिचा चेहरा मात्र विमानतळावर दिसला होता तसाच झाला.

"आई, तुला सांगणार नव्हते," ती म्हणाली. "त्या कंट्रोलर बाईंचा आवाज तुझ्यासारखा होता. हुबेहूब. वरच्या पट्टीतला, घाईचा, आणि काळजीचा. पेटीला काळजी नसते. ती नुसतं सांगते. त्या बाई ओरडल्या आणि माझा हात गेला. मी विचारच केला नाही. तू ओरडलीस की मी विचार करतच नाही."

ही काय बोलून राहिली ते कळायला मला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी ओट्याला टेकून खाली बसले.

रेवती पाच वर्षांची होती. तिच्या बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून सुट्टीत मी तिला गाडीवर सोबत न्यायची. पुलगावच्या स्टँडवर ती उतरून फुगेवाल्याकडे धावली. मागून एक ट्रक उलटा येत होता. मी दारातून ओरडले, "रेवती, थांब!" ती होती तिथे थिजली. एक पाय उचललेला, तो तसाच. ट्रकचं चाक तिच्या पुढून गेलं, फुगेवाल्याची काठी चिरडून. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच नियम होता: आई ओरडली की आधी ऐकायचं, विचारायचं ते नंतर. मी तो नियम अभ्यासाला लावला, जेवणाला लावला, कॉलेजला लावला. सगळ्यांना कौतुकानं सांगत आले की माझी पोरगी पहिल्या बेलला थांबते.

त्या आवाजानं तिला एकदा वाचवलं होतं. त्याच आवाजानं ती पाच दिवसांपूर्वी सगळ्यांना घेऊन खाली निघाली होती, मलासुद्धा. आजवर मला खूप धक्के बसलेत. नवरा गेल्याचं मला फोनवरून कळलं होतं. पण असं कधी वाटलं नव्हतं की माझ्याच आवाजाला मी ओळखत नाही. हिरामावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

पाणी पिऊन मी म्हटलं, "लाटणं उचल."

"आई, राहू दे."

"उचल म्हटलं ना." मग माझं मलाच कळलं आणि मी म्हटलं, "बरं, हे शेवटचं ऐक माझं. आता मी ओरडत राहते. तू ऐकू नको."

चार दिवस आम्ही तेच केलं. सकाळी आणि दुपारी. मी घसा बसेपर्यंत ओरडले. काळजीनं ओरडले, रागानं ओरडले, "रेवती, ऐक माझं" असंही ओरडले. शेजारच्या इमारतीतली एक बाई खिडकीतून विचारून गेली की घरात भांडण आहे का. हिरामावशी म्हणाल्या, "नाय गो, विमान चालू हाय."

माझं काम वाटलं त्याहून अवघड होतं. कारण रेवतीनं वर जाताना म्हणायचं होतं, "पेटी बोलली," आणि ते म्हटल्याबरोबर मी गप्प बसायचं. नियमच तसा. पहिल्या दिवशी मला ते जमलंच नाही. ती म्हणायची, पेटी बोलली, आणि मी म्हणायची, "बरं, पण सांभाळून." मावशी कपाळाला हात लावायच्या. "आई, तुमी नापास," म्हणायच्या. जन्मात मी पोरीला सूचना दिल्याशिवाय घराबाहेर पाठवलं नाही. मला गप्प बसायला चौसष्टाव्या वर्षी तळवलीत शिकावं लागलं.

नवव्या दिवशी दुपारी, मावशींचं कालवण शिजत असताना, लाटणं वर गेलं. मी ओरडतच होते, खाली, लगेच खाली, आणि ते वर गेलं, अलगद, जोरानं ओढल्यासारखं नाही. रेवतीचे डोळे माझ्याकडे नव्हते.

"पेटी बोलली," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं. तोंडावर पदर धरावा लागला, पण मिटलं.

परत

दहाव्या दिवशी तिची परीक्षा सकाळी होती आणि माझं विमान त्याच वेळेला. टॅक्सीनं मला आधी विमानतळावर सोडलं. या वेळी चालवायला ओळखीचं कुणीच नव्हतं, तरी मी बसणार होते. भीती वाटते का, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वाटते.

टॅक्सीतून उतरताना मी रेवतीकडे पाहिलं. तोंडापर्यंत आलं होतं, पाणी पी, घाबरू नको, नीट ऐक, घाई करू नको, वर म्हटलं की वर. मी काहीच बोलले नाही. नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती हसली आणि म्हणाली, "आई, पास झालीस."

मी खिडकीची जागा बदलून मधली घेतली. पूर्ण वेळ सीटचे दोन्ही हात धरून बसले. खायला काय दिलं ते आठवत नाही. नागपूरला विमान थांबताच लोक उठून उभे राहिले, मी मात्र बसूनच फोन चालू केला. निरोप काहीच नव्हता. सामानाच्या पट्ट्यापाशी गेले. माझी पिशवी दोनदा समोरून गेली, मी उचलली नाही. मग फोन वाजला.

"आई."

"बोल."

"दोनदा घेतली परीक्षा. दुसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम एका बाईंना बसवलं रेडिओवर. त्या ओरडल्या." ती श्वास घ्यायला थांबली. "मी ऐकलं नाही, आई. मी वर गेले."

ती पुढे सांगत होती की अजून चौकशी आहे, वेळ लागेल, राजीनामा फाडलाय, आणि संध्याकाळी पूर्वाकडे जाणार आहे. मी हो हो करत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चारचौघांत, सगळ्यांसमोर. फोन ठेवल्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका भल्या माणसानं माझी पिशवी उचलून दिली आणि विचारलं, "काय झालं, बाई? घरी सगळं ठीक ना?"

"माझी मुलगी," मी म्हटलं, "माझं ऐकत नाही आता."

त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. म्हणाले, "आजकाल कुणाचीच ऐकत नाहीत हो."